भाव बाजाराचा की सरकारचा? पेट्रोलच्या पंपापासून लाइटबिलापर्यंत

सावंतवाडीचा माझा मावसभाऊ गाडीची टाकी शक्यतो महाराष्ट्रात भरत नाही. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त. पंप त्याच सरकारी कंपनीचा, रंगही तोच. "पेट्रोल तांच, फकत नाको ओलांडूक होयो," असं तो म्हणतो.

मागच्या गणपतीत ओटीवर बसून याच विषयावर वाद झाला. मावसभावाचं म्हणणं, सरकारनं देशभर एक भाव बांधून द्यावा, म्हणजे नाक्यापलीकडे जायची कटकट नको. पुण्याहून आलेल्या काकांचं नेमकं उलटं. सरकारनं यातून हात काढून घ्यावा, चार कंपन्या आपसांत भांडतील आणि भाव आपोआप खाली येईल. पेट्रोलवरून गाडी लाइटबिलावर गेली, तिथून गॅस सिलिंडरवर, आणि आरतीची वेळ झाली तरी निकाल लागला नाही.

ऐकताना वाटत राहिलं की दोघं ज्या गोष्टींची बाजू घेऊन भांडतायत, त्या आपल्याकडे शुद्ध रूपात नाहीतच. आपलं पेट्रोल कागदावर मोकळं आहे, पण वागतं बांधून ठेवल्यासारखं. वीज कागदावर बांधलेली आहे, पण तिच्यात बाजार मागच्या दारानं शिरलाय. हा गुंता जरा सोडवून बघू.

आधी लासलगावला जाऊन येऊ

कांद्याचा भाव कसा ठरतो हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागत नाही. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर रांगेनं उभे असतात, व्यापारी मूठभर कांदा हातात घेऊन बोली बोलतात, शेवटच्या बोलीला शेतकऱ्यानं मान हलवली की सौदा. आवक वाढली की बोली उतरते, अवकाळीनं माल भिजला की चढते. हा बाजारभाव. तो दोन कामं करतो. आजचा माल कुणाकडे जाणार ते ठरवतो आणि पुढच्या हंगामात कांदा लावायचा की नाही याचा निरोपही शेतकऱ्याला देतो. निरोप बरेचदा चुकीचा निघतो, ते वेगळं.

उसाचं तसं नाही. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दर हंगामाला जाहीर करतं आणि कारखान्यानं तो द्यायचाच असतो. हा बांधलेला भाव. शेतकऱ्याला हमी मिळते, म्हणून दुष्काळी पट्ट्यातही ऊस उभा राहतो. म्हणजे निरोप इथेही जातो, फक्त पाठवणारा वेगळा.

पण कांद्याचा बाजारसुद्धा भाव चढेपर्यंतच मोकळा असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि २०२४ च्या मे महिन्यात ती पुन्हा उघडली. कांदा दोन रुपयांनी गेला तेव्हा 'बाजार आहे, काय करणार' आणि चढला तेव्हा सरकार जागं. पेट्रोलमध्ये हीच गोष्ट उलट्या दिशेनं घडते.

पेट्रोल मोकळं सोडलं ते कधी?

सत्तरच्या दशकात सरकारनं परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, बर्मा शेलची भारत पेट्रोलियम. त्यानंतर कितीतरी वर्षं भाव दिल्लीत ठरायचा. एका इंधनावर जास्त घ्यायचं, दुसऱ्यावर कमी, आणि सगळा हिशेब एका सामाईक खात्यात जिरवायचा, अशी ती व्यवस्था. ती २००२ च्या एप्रिलमध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली, पण भाव वाढवायचे तर मंत्रालयाचा इशारा लागायचाच.

खरी सुटका झाली जून २०१० मध्ये, पेट्रोलची. डिझेलला ऑक्टोबर २०१४ उजाडावा लागला. त्याआधी जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला साधारण पन्नास पैशांनी वाढवत आणलं होतं, म्हणजे लोकांना फार झोंबू नये. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले. सकाळी सहाला नवा आकडा.

म्हणजे कायद्यानं बघितलं तर पेट्रोलचा भाव आज तेल कंपनी ठरवते. संसदेत प्रश्न आला की मंत्री हेच उत्तर देतात.

मग कच्चं तेल पडलं तेव्हा पेट्रोल का पडलं नाही?

इथे थोडी आकडेमोड करू. फार नाही, बेरीज-भागाकारापुरती.

जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरच्या शिखरावर होतं. एका पिंपात १५९ लिटर मावतं. डॉलर तेव्हा ४३ रुपयांच्या आसपास. म्हणजे कच्चं तेलच लिटरला ४० रुपये पडत होतं. दिल्लीत पेट्रोल मिळत होतं पन्नासच्या आसपास.

आता एप्रिल २०२०. टाळेबंदी लागलेली, भारत घेतो त्या तेलाची सरासरी किंमत पिंपाला २० डॉलर. डॉलर ७६ रुपये. भागाकार केला की लिटरला साडेनऊ रुपये येतात. आणि दिल्लीत पेट्रोल? सत्तरच्या आसपास.

कच्चं तेल चौपट स्वस्त आणि पेट्रोल वीस रुपयांनी महाग. मधले पैसे गेले कुठे?

पंपावरच्या भावाचे थर असे असतात. तळाला शुद्धीकरण कारखान्याचा दर. तो परदेशी बाजारात तयार पेट्रोलचा जो भाव चालतो त्याला बांधलेला असतो. त्यावर वाहतूक आणि कंपनीचा नफा. मग केंद्राचं उत्पादन शुल्क, लिटरमागे ठरावीक रुपये. मग पंपवाल्याचं कमिशन. आणि सगळ्यात वर राज्याचा व्हॅट, जो आपल्याकडे टक्केवारीनं लागतो आणि शिवाय लिटरमागे काही रुपये वेगळे. ही टक्केवारी केंद्राचं शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर लागते, म्हणजे करावर कर. गोव्याचा व्हॅट आपल्यापेक्षा कमी, म्हणून मावसभाऊ नाका ओलांडतो. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता. गोव्यात भाव एकदम अकरा रुपयांनी उतरला आणि सीमेवरच्या पंपांची चंगळ झाली.

आता मधला थर बघा. २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचं शुल्क लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे होतं. मे २०२० मध्ये ते ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. त्या एका मे महिन्यातच पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये वाढले, तरी पंपावरचा भाव तेवढा हलला नाही. कच्चं तेल जितकं खाली गेलं तितकी जागा करानं भरून काढली. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर कुणीतरी एक वीट ठेवावी, तसं. आपण उतरतोय असं वाटतं आणि उंची तीच राहते.

सरकारची बाजूही सांगायला हवी. टाळेबंदीत बाकीचे कर आटले होते आणि पेट्रोल-डिझेल हे पैसे हमखास देणारं खातं. २०२०-२१ मध्ये केंद्राला इंधनावरच्या उत्पादन शुल्कातून साडेतीन लाख कोटींहून जास्त मिळाले. प्रश्न कर घेण्याचा नाही. भाव चढला तर 'बाजार आहे' आणि उतरला तर कर वाढला, यात गिऱ्हाइकाला बाजाराची फक्त चढणच भेटते.

'मग जीएसटीत का नाही आणत?' घटनादुरुस्तीतच पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन जीएसटी परिषद तारीख ठरवेपर्यंत बाहेर ठेवलंय. ती तारीख ठरवायची घाई केंद्राला नाही आणि राज्यांना तर मुळीच नाही.

निवडणूक आली की आकडा थांबतो तो कसा?

रोज सकाळी सहाला बदलणारा भाव २०१८ मध्ये २४ एप्रिलपासून १९ दिवस हललाच नाही. १२ मे रोजी कर्नाटकात मतदान होतं. नोव्हेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत १३७ दिवस पुन्हा तसंच. मध्ये उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि युक्रेनचं युद्धही सुरू झालं. निकाल लागून गेल्यावर सोळा दिवसांत भाव दहा रुपयांनी वाढला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर पोचलं होतं.

पुढे केंद्रानं आणि राज्यानं कर कमी केले, मुंबईचा आकडा १०६ रुपये ३१ पैशांवर आला आणि तिथेच बसला. जुलै २०२२ ते मार्च २०२४. दरम्यान कच्चं तेल वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. पंपावरचा फलक मात्र भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा. लोकसभा निवडणुकीची घोषणा व्हायच्या तोंडावर दोन रुपयांची कपात झाली.

भाव दाबून ठेवला म्हणून खर्च नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो. एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून साडेअठरा हजार कोटींच्या घरात तोटा झाला. मग कच्चं तेल उतरलं, पण पंपावरचा भाव उतरला नाही, आणि २०२३-२४ मध्ये त्याच तीन कंपन्यांनी मिळून जवळपास ८१ हजार कोटींचा नफा कमावला. म्हणजे चढणीच्या वेळी कंपनीनं आपल्याला उसने दिले आणि उताराला वसूल केले. व्यवहार म्हणून यात वावगं काही नाही. वर्षभराचा सरासरी भाव लावावा, रोजचे हेलकावे नकोत, असं बऱ्याच लोकांना आवडेलही. पण मग तसं जाहीर करा, सूत्र सांगा. उसनवारी चालू आहे हेच जिथे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, तिथे फिटली की नाही हे तो कसं तपासणार?

सरळ बांधूनच टाकला भाव, तर काय बिघडतं?

मावसभावाच्या या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक पैशाचं, एक माणसाचं.

पैशाचं उत्तर २००८ च्या त्या स्वस्त पेट्रोलमध्येच आहे. तेव्हाचा फरक सरकारनं कंपन्यांना रोख न देता रोख्यांत दिला. ऑइल बॉण्ड म्हणजे 'पैसे नंतर देतो, तोवर व्याज घे' अशी चिठ्ठी. मोठ्या रकमांच्या त्या चिठ्ठ्यांची मुदत २०२१ पासून मार्च २०२६ पर्यंत येत गेली. म्हणजे २००८ मध्ये कुणी दादर ते ठाणे मोटार चालवली त्याचं काही भाडं २०२५ मध्ये रिक्षानं जाणाऱ्यानं भरलं. (या रोख्यांमुळेच आज कर जास्त आहेत, असं जे सांगितलं जातं ते मात्र अर्धंच खरं. रोख्यांची एकूण रक्कम सव्वा-दीड लाख कोटींच्या घरातली, तीही काही वर्षांत मिळून फेडायची. वर दिलेली एकट्या वर्षाची करवसुली तिच्या दुपटीहून जास्त आहे.)

या काळात आणखी एक झालं. स्वस्त विकल्याबद्दलची भरपाई सरकारी कंपन्यांनाच मिळत होती. रिलायन्सचे पंप त्या भावात टिकूच शकत नव्हते, आणि २००८ मध्ये कंपनीनं ते बंद केले. काकांना जी चार कंपन्यांची भांडणं हवी आहेत, ती भाव दाबल्यामुळे सुरू व्हायच्या आतच संपली. आजही देशातले दहापैकी नऊ पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत आणि तिघींचा मालक एकच. तिघी बहिणी एकाच बापाच्या शब्दात असल्या की भाव वेगळे कसे निघणार?

माणसाचं उत्तर मनमाडजवळ आहे. रेशनचं रॉकेल गरिबांसाठी फार स्वस्त ठेवलेलं होतं आणि पेट्रोल-डिझेल त्याच्या कितीतरी पट महाग. दिसायला जवळपास सारखे दोन पदार्थ, भावात एवढी दरी. त्या दरीत भेसळीचा अख्खा धंदा उभा राहिला. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला 'आज गाडी आली नाही' असं सांगायचं आणि तेच रॉकेल टँकरात ओतायचं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीला असा प्रकार पकडला. तिथेच त्यांना जिवंत जाळण्यात आलं. गुन्हा माफियांचाच. पण माफियाला पोसणारी दरी भावांच्या आदेशातून तयार झाली होती, हेही खरं.

मग वीजही मोकळी का सोडू नये?

कारण वीज तारेतून येते.

वाटेल ती गोष्ट वाटेल त्या दुकानातून घेता येते, पण आपल्या गल्लीत चार कंपन्यांनी चार वेगळे खांब रोवून चार वेगळ्या तारा ओढाव्यात हे परवडणारं नाही. खांब एकदाच रोवायचे. पाण्याच्या नळाचं तेच. जिथे एकाच कंपनीनं जाळं टाकणं सगळ्यात स्वस्त पडतं, त्या अवस्थेला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पेट्रोल महाग वाटलं तर पुढच्या पंपावर जाता येतं. वीज महाग वाटली तर जायचं कुठे? मेणबत्ती लावून बसायचं.

म्हणून विजेला पंच लागतो. आपल्याकडे तो म्हणजे महाराष्ट्र वीज नियामक आयोग. रिक्षाच्या मीटरसारखं समजा. रिक्षावाला भाडं ठरवत नाही आणि प्रवासीही ठरवत नाही. गॅस, देखभाल, गाडीचा हप्ता, पोटाला काय लागतं याचा हिशेब मांडून प्राधिकरण आकडा देतं. महावितरणही तसंच वीजखरेदी, पगार, दुरुस्ती, कर्जाचं व्याज आणि भांडवलावर ठरावीक परतावा असा हिशेब आयोगापुढे ठेवते. मग जनसुनावणी होते, वेगवेगळ्या शहरांत. तिथे कुणीही नागरिक लेखी हरकत देऊन बोलू शकतो.

त्यातूनच आपलं लाइटबिल तयार होतं. एकदा बिल उलटसुलट करून नीट वाचा. स्थिर आकार म्हणजे जोडणी आहे म्हणून द्यायचा, बटण दाबा नाहीतर घराला कुलूप लावून गावाला जा. वीज आकार वापराचा. वहन आकार तारांचं भाडं. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज अंदाजापेक्षा महाग पडली तर मागाहून लागणारी रक्कम. बाजार शिरतो तो याच ओळीतून. आणि शेवटी घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क, जे राज्य सरकारचं.

आमच्या आईचा ठाम समज होता की मीटर ३०० च्या पुढे गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. महिनाअखेरीला ती गीझर बंद करून चुलीवर पाणी तापवायला सांगायची. तसं नसतं. ३१० युनिट झाले तर पहिले शंभर पहिल्या दरानं, पुढचे दोनशे दुसऱ्या दरानं आणि फक्त शेवटचे दहा तिसऱ्या दरानं लागतात. हे तिला बिलावर पेन्सिलनं करून दाखवलं, तर म्हणाली, "मग तसं लिहीत का नाहीत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पंचाच्या पद्धतीतही खोट आहेच. झालेला खर्च अधिक परतावा असा हिशेब असला की खर्च कमी करायची ओढ कंपनीला राहत नाही. खर्च वाढला तर दर वाढवून मिळतो. आयोगानं प्रत्येक खर्च मान्य करायचा नसतो आणि बरेचदा करतही नाही. पण हजार पानांच्या कागदपत्रांसमोर सामान्य माणूस किती तग धरणार? सुनावणीला येतात ते बहुतेक उद्योगांचे प्रतिनिधी आणि चार-दोन चिकाटीचे ग्राहक कार्यकर्ते.

खासगी कंपनी म्हणजे बाजार नव्हे: दाभोळ

'खासगीकडे द्या, स्वस्त होईल' असं कुणी म्हटलं की गुहागर तालुक्यात अंजनवेलला उभा राहिलेला दाभोळ वीज प्रकल्प आठवावा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला, स्पर्धात्मक निविदा न काढता. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. राज्य वीज मंडळानं वीज घेवो न घेवो, स्थिर खर्चाचे पैसे द्यायचेच, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची हमी. रुपया घसरला, इंधन महागलं आणि एका टप्प्यावर युनिटचा खर्च सात रुपयांच्या वर गेला. तेव्हाचे सात रुपये. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉननं अमेरिकेत दिवाळं काढलं.

यात कंपनी खासगी होती, पण बाजार कुठे होता? विकणारा एक, घेणारा एक आणि जोखीम सगळी घेणाऱ्याच्या गळ्यात. लग्नात वाढपी बाहेरचा आणला म्हणून जेवण स्वस्त होत नाही, ताटामागे किती द्यायचे ते आधी बोलावं लागतं.

मुंबईत कंपनी बदलता येते, मग आपल्याकडे का नाही?

मुंबईच्या उपनगरांत एक वेगळा प्रयोग चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज पुरवण्याचा हक्क मान्य झाला आणि २००९ मध्ये आयोगानं वाट काढली. तार एका कंपनीची राहिली तरी वीज दुसरीची घेता येईल, तारेचं भाडं तेवढं द्यायचं. रस्ता एकाचा, एसटी कुणाचीही. तेव्हा ती तार रिलायन्सची होती, २०१८ पासून अदानीची आहे. पुष्कळ घरांनी दर पाहून कंपनी बदलली, काही पुन्हा परतलीही.

महावितरणच्या हद्दीतही दुसऱ्या कंपनीला वीज पुरवायचा समांतर परवाना द्यायच्या हालचाली झाल्या तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये राज्यभरातले वीज कर्मचारी संपावर गेले. त्यांची भीती निव्वळ नोकरीची नव्हती. ती समजायला एक शब्द लागतो, क्रॉस सबसिडी. कारखाने आणि दुकानं खर्चापेक्षा जास्त दर देतात, त्यातून शेतीपंप आणि कमी वापराची घरं यांचा दर खाली राहतो. एकत्र कुटुंबात मुंबईचा भाऊ जास्त धाडतो आणि गावचा शेती सांभाळतो, तसं. आता कमावत्या भावाला कुणी म्हणालं, 'तू वेगळा नीघ, तुझं निम्म्यात भागेल,' तर तो निघेलच. उरलेल्यांची चूल कशी पेटायची?

नवी कंपनी येईल ती औद्योगिक वसाहत आणि मोठे टॉवर असतील तिथेच येणार, मेळघाटात कशाला जाईल? म्हणून परवाना देताना आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. गरीब ग्राहक आणि शेतकरी यांचा भार कोण उचलणार, आणि तारेचं भाडं किती. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली तेव्हा तो भार राज्याच्या तिजोरीनं उचलायचा असं ठरलं. तत्त्व म्हणून हे बरं: ज्याला सवलत द्यायची त्याची रक्कम अर्थसंकल्पात दिसते. तिजोरीनं पैसे वेळेवर दिले तर.

आणि अगदीच मोकळं सोडलं तर?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं विजेचा बाजार बराच मोकळा केलाय. तिथे काही घरांनी घाऊक बाजाराच्या भावाशी बांधलेली योजना घेतली होती. एरवी फायद्याची. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाचं वादळ आलं, वीजकेंद्रं आणि वायूच्या वाहिन्या गारठून बंद पडल्या, आणि घाऊक भाव युनिटला नऊ डॉलर या कमाल मर्यादेला भिडला. काही दिवसांत काही घरांना हजारो डॉलरची बिलं आली. भाव नऊ डॉलर झाला म्हणून गोठलेलं वीजकेंद्र तासाभरात सुरू होत नाही, आणि थंडीनं कुडकुडणारा माणूस हीटर बंद करत नाही. बाजाराचा निरोप पोचतो, पण ऐकणाऱ्याला करता येण्यासारखं काही नसतं.

कॅलिफोर्नियानं त्याच्या वीसेक वर्षं आधी अर्धवट मोकळीक देऊन बघितली होती. वितरण कंपन्यांनी वीज घ्यायची मोकळ्या बाजारात आणि विकायची बांधलेल्या दरात. २०००-०१ मध्ये घाऊक भाव भडकला. तो भडकवणाऱ्या दलालांत आपली ओळखीची एन्रॉनही होती. घाऊक महाग, किरकोळ गोठलेला, मध्ये सापडलेली पीजी अँड ई ही बलाढ्य कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या तेल कंपन्यांची २०२२ मधली अवस्था याच जातीची होती, फक्त मालक सरकार असल्यामुळे त्या बुडाल्या नाहीत.

आपल्याकडेही विजेचा घाऊक बाजार २००८ पासून आहे. एक्स्चेंजवर दर पंधरा मिनिटांचा वेगळा भाव निघतो. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा तो घसरतो, संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की चढतो. मार्च २०२२ मध्ये तो युनिटला वीस रुपयांना टेकला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगानं आधी बारा आणि पुढच्या वर्षी दहा रुपयांची मर्यादा घातली. लासलगावच्या लिलावाला छत बांधलंय, असं म्हणा.

गरिबाचं काय?

भाव मोकळा ठेवा आणि गरिबाच्या खात्यात थेट पैसे टाका, हे अर्थशास्त्राचं आवडतं उत्तर. सिलिंडरवर ते करून पाहिलंय. जानेवारी २०१५ पासून देशभर पूर्ण भावानं सिलिंडर घ्यायचा आणि अनुदान बँकेत, अशी पद्धत आली. काळाबाजाराला त्यानं खरंच चाप बसला. पण २०२० च्या मध्यापासून बहुतेक घरांच्या खात्यात अनुदान यायचंच थांबलं. मोर्चा नाही, घोषणा नाही. पंपावरचा भाव वाढला की लोकांना दिसतो, खात्यात न आलेली रक्कम दिसत नाही. पुढे उज्ज्वला योजनेतल्या घरांना आधी दोनशे आणि मग तीनशे रुपये मिळू लागले, आणि २०२३ च्या ऑगस्टअखेर सगळ्यांसाठीच सिलिंडर दोनशेनं उतरवला. तारीख बघा आणि पुढच्या निवडणुका आठवा.

पद्धत चांगली आहे. फक्त अनुदानाचा आकडा कुठल्यातरी सूत्राला बांधलेला हवा, नाहीतर ते मंत्र्याच्या मर्जीवर येतं आणि जातं.

काकांना आणि मावसभावाला काय सांगितलं

मला विचाराल तर पेट्रोलच्या बाबतीत मी काकांच्या बाजूला झुकतो आणि विजेच्या बाबतीत मावसभावाच्या. पेट्रोलला पंप बदलता येतो, तेव्हा भाव मोकळा असू दे. पण मग तिन्ही कंपन्या खरंच वेगळ्या वागू देत, आणि कर असा असू दे की कच्चं तेल उतरल्याचा थोडा तरी वाटा पंपावर दिसेल. विजेची तार एकच, तेव्हा तिथे पंच हवाच. पण त्याच्या सुनावणीचे कागद आईला कळतील अशा मराठीत हवेत.

काका म्हणाले, हे म्हणजे तू दोघांनाही गोंजारलंस. मावसभावानं मात्र वेगळंच विचारलं. लाइटचा दर वाढवायचा तर जनसुनावणी होते, आपल्याला जाऊन बोलता येतं. पेट्रोलवर मे महिन्यात एका फटक्यात दहा रुपये शुल्क वाढलं, तेव्हा सुनावणी कुठे झाली होती?

कुठेच नाही, मी म्हटलं. परतीच्या वाटेवर त्यानं मला गोव्याच्या विमानतळावर सोडलं. पत्रादेवी ओलांडल्यावर पहिल्याच पंपावर गाडी आत घेतली. पुढे सहा गाड्या होत्या, पाच एमएच शून्य सात.